पंचनाम्यात आपलं नाव



मे महिना अर्धा सरला की आमच्या कोकणात आगोटीची घाई सुरू होते. तांदूळ भरायचे, मिरची दळून आणायची, सुकी मच्छी उन्हात पुन्हा एकदा दाखवून डब्यात बंद करायची, घर शाकारून घ्यायचं, पन्हळीतला पाला काढायचा. पावसाचे चार महिने घरात काय लागेल याची यादी आमच्या दादींना तोंडपाठ असे. त्या यादीत यंदा आपण सर्वांनी आणखी एक वस्तू घालावी, म्हणून हा लेख. ती वस्तू म्हणजे घट्ट झाकणाचा एक डबा आणि त्यात घरातले कागद.

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून मिळालं नाही. पाण्याने शिकवलं.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी आली होती. कोरोनाचे दिवस असल्यामुळे नमाज घरातच झाली, गळाभेटी झाल्या नाहीत. फ्रिजमध्ये वाटायचं राहिलेलं गोश्त होतं. पाऊस दिवसभर कोसळत होता, रात्रीही थांबला नाही. गुरुवारी, २२ जुलैच्या पहाटे चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी गल्लीत आलं, मग ओट्यावर, मग घरात. आमच्या भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची खूण होती. घरातली मोठी माणसं म्हणत होती, तिथपर्यंत येईल आणि थांबेल. पाणी त्या खुणेच्या वर गेलं. आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो होतो. वीज नाही, फोन नाही. वरच्या मजल्यावर अकरा माणसं होतो. त्यात आमच्या तळमजल्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या एक खाला आणि त्यांच्या दोन मुलीही होत्या.

पाणी ओसरल्यावर जे उरलं ते कोकणातल्या पूरग्रस्त घरांना सांगायला नको. गुडघाभर चिखल, उलटा पडलेला फ्रिज, फुगून फाटलेली लाकडी कपाटं आणि तो वास. त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. कोणी पाणी आणलं, कोणी खिचडीची पातेली, कोणी फावडी आणि घमेली. कोणत्या मोहल्ल्याचं घर, कोणत्या वाडीचं घर, हे कोणी विचारलं नाही. अल्लाह त्या सगळ्यांना अज्र देवो.

मग पंचनामा करणारे आले, आणि पहिल्यांदा कोणीतरी नाव विचारलं.

"घर कोणाच्या नावावर आहे?"

आम्ही म्हणालो, दादांच्या.

"त्यांना बोलवा."

दादांचा इंतकाल होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. वारसनोंद? कोणी केली नव्हती. थोरले चाचा कुवेतला, धाकटे मुंब्र्याला, फुफू लग्न होऊन दापोलीला. घर सर्वांचं, म्हणून कागदावर कोणाचंच नाही. आम्ही बीएड झालेले. वर्गात मुलांना अर्ज कसा लिहावा, दिनांक कुठे घालावा, 'विषय' कसा मांडावा हे वर्षानुवर्षं शिकवत आलो. पण आपलं घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःला विचारला नव्हता.

समोरचे कर्मचारी चिडले नाहीत. त्यांच्यातल्या एकाच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, पायात आमच्यासारखाच चिखल होता. त्यांनी 'कब्जेदार' म्हणून आमची नोंद घेतली आणि सर्व वारसांचं संमतीपत्र आणून द्या, असं सांगितलं. मग ते मागच्या खोलीकडे वळले.

खाला बेवा. शिलाईवर घर चालवत होत्या. दोन मशीन, एक पिको-फॉलचं. तिन्ही चिखलात. लोकांचे शिवायला आलेले कपडे चिखलात. त्यांना विचारलं गेलं, "तुम्ही इथे राहता, याचा काही कागद?" त्यांचं आधार सासरच्या पत्त्याचं, रेशनकार्ड तिकडचंच, मतदारयादीत नावही तिकडेच. वीजबिल आमच्या दादांच्या नावाचं. उरली भाड्याची पावती. ती आम्ही त्यांना कधी दिलीच नव्हती. दर महिन्याला पैसे हातात घ्यायचे आणि वहीत एक टिचकी मारायची, असा सहा वर्षांचा आमचा व्यवहार. करार केला तर घरपट्टी वाढेल, भाडेकरू कायमचा बसेल, ही घरातल्या मोठ्यांची भीती. आम्हीही ती निमूट मान्य केली होती.

खालांनी आमच्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते पाहणं आम्ही अजून विसरलेलो नाही.

वाचकहो, कुरआनातली सर्वात लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. सूरह बकराची २८२ वी आयत. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, लिहिणाऱ्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. आम्ही ती शेकडो वेळा वाचली असेल. खालांच्या खोलीत उभं असताना मात्र पहिल्यांदा वाटलं की न लिहिलेला कागद हासुद्धा दुसऱ्याचा हक अडवून धरतो.

पुढे काय झालं ते आधी सांगतो, मग कामाच्या गोष्टींकडे वळू. आम्ही घरमालक म्हणून लेखी निवेदन दिलं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, मुलींच्या शाळेतून पत्त्याचा दाखला आणला, गॅसचं पुस्तक जोडलं. त्या पुरासाठी राज्य सरकारने कुटुंबामागे १०,००० रुपये सानुग्रह मदत ठरवली होती. ती खालांना मिळाली, पण शेजाऱ्यांच्या दोन महिन्यांनंतर. दुकानदारांना प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० रुपये, अशीही मदत होती. तिथे नोंदणीचा कागद लागत होता. घरात मशीन टाकून शिलाई करणाऱ्या खालांकडे कसलीच नोंदणी नव्हती. मशीनचा एक रुपया त्यांना मिळाला नाही. मशीन शेवटी मोहल्ल्यातल्या लोकांनी वर्गणी काढून घेऊन दिलं, तेही एकच. आमच्या घराच्या पडझडीचे पैसे कुवेतहून संमतीपत्र येईपर्यंत अडकून राहिले.

आता एक मूळ गोष्ट. त्याच दिवसांत आमच्या नात्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "आपण देणारी माणसं. हात पसरायचा नाही. सरकारचं नको." ही खुद्दारी आहे, तिचा आम्ही आदर करतो. पण इथे थोडी गल्लत होते. सरकारची आपत्ती मदत ही जकात नाही, सदका नाही, कोणाची मेहरबानीही नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी कायद्याने उभा राहिलेला आहे. महाराष्ट्रात त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो, आणि तो आपण सगळ्यांनी भरलेल्या करांतूनच येतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याचं कलम ६१ सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे पंचनाम्यात नाव लागणं हा हक आहे. ज्याला खरंच गरज नाही त्याने तो सोडून द्यावा, चांगलंच आहे. पण आपल्या खुद्दारीच्या नावाखाली घरातल्या बेवा फुफूचा किंवा भाडेकरूचा हक सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट, अपेक्षा किती ठेवायची. ही मदत आहे, झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई नव्हे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत मृत व्यक्तीच्या वारसांना ४ लाख रुपये, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये असे दर होते. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १०० रुपये. मासेमारीची होडी पूर्ण गेली तर १५,००० रुपये. पिकांचं नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि नारळ-सुपारी-आंब्यासारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत.

मोठ्या आपत्तीत राज्य सरकार यात आपली भर घालतं. २०२१ च्या पुरात पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख दिले गेले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूरकडे शेतं वाहून गेली, तेव्हा राज्याने मोठं पॅकेज जाहीर केलं आणि पिकांची मर्यादा तीन हेक्टरांवर नेली. म्हणून दर तोंडपाठ करण्यापेक्षा आपत्तीनंतर तहसील कार्यालयात एकच प्रश्न विचारावा: "या आपत्तीचा शासन निर्णय कोणता?" त्यात दर, अटी, लागणारे कागद सगळं छापलेलं असतं.

आता पायऱ्या पाहू. जीव वाचवणं पहिलं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, राज्याचा १०७०. दोन्ही दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

पाणी ओसरल्यावर, चिखल काढण्याआधी फोटो घ्यावेत. भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली भिंत, भिजलेलं धान्य, बंद पडलेली मशीन. एका फोटोत घराचा दर्शनी भाग आणि घर क्रमांक दिसला पाहिजे. फोटो लगेच बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत, म्हणजे फोन गेला तरी फोटो राहतात. सफाई अडवून ठेवू नये. चिखलात दिवस काढले की आजार आलेच. जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी तलाठी किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो ठेवावा.

घरात मौत झाली असेल तर एक कठीण गोष्ट सांगावी लागते. आपल्याकडे दफनाची घाई असते, आणि ती योग्यच. पण ४ लाखांच्या मदतीसाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागितला जातो. मय्यत उचलल्यावर ते शक्य होत नाही आणि मागे राहिलेल्या बेवा-यतीमांचं नुकसान होतं. अशा वेळी घरच्यांचं डोकं चालत नसतं. जमातीतल्या जबाबदार माणसाने पुढे होऊन पोलिसांना त्वरित कळवावं, रुग्णालयात सोबत थांबावं.

पंचनामा हाच या सगळ्याचा पाया. गावात तो तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीसाठी कृषी सहायक करतात. आता या पदांची नावं बदलली आहेत, पण लोक अजून जुन्याच नावांनी ओळखतात. शहरात नगरपालिकेचे कर्मचारी सोबत असतात. ते येतील तेव्हा घरात कोणीतरी थांबावं, आणि ती जबाबदारी केवळ मर्दांची समजू नये. भगिनींनो, नुकसान आपल्या स्वयंपाकघराचं झालेलं असतं. किती भांडी गेली, किती धान्य गेलं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? पंचनामा वाचून घ्यावा, किंवा वाचून दाखवायला सांगावं, मगच सही किंवा अंगठा. कोऱ्या कागदावर कधीही नाही. सही केलेल्या पानाचा फोटो मागून घ्यावा.

पैसे थेट बँक खात्यात येतात. शेतीच्या मदतीत याद्या लागतात, यादीत प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन सेवा केंद्रावर आधारची पडताळणी करावी लागते. ती न केल्यामुळे मंजूर झालेले पैसेही लोकांच्या खात्यात येत नाहीत. शेती असणाऱ्यांनी फार्मर आयडी आत्ताच काढून ठेवावा. आणि आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे ते बँकेत विचारून घ्यावं. दोन-तीन खाती असली की रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि माणूस भलतंच पासबुक घेऊन महिनाभर फेऱ्या मारतो.

आता नावांविषयी. हे आमच्या धंद्यातलं दुखणं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आपलं नाव उर्दूत एक असतं, कागदावर चार होतात. दाखल्याला आलेल्या मुलीचं नाव आजोबा सांगतात फातिमा. तलाठ्याच्या कानाला ते फातमा ऐकू येतं. रेशनकार्डावर फातेमा. बँकेत इंग्रजीतून आणखी वेगळं. उर्दूत 'ज़े' आहे, मराठीत ते कोणी 'ज' लिहितो कोणी 'झ', म्हणून एकच बाई आधारवर जुबेदा आणि सातबाऱ्यावर झुबेदा. शेखचं तर विचारूच नका. शिवाय लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन शौहरचं येतं, 'बी' आणि 'खातून' कधी लागतं कधी गळतं. आपल्याला ठाऊक असतं की माणूस एकच आहे. यंत्राला ते कळत नाही. नाव जुळलं नाही की पैसे परत जातात.

उपाय अवघड नाही, फक्त सुकाळात करायचा आहे. घरातल्या प्रत्येकाचे आधार, पासबुक, रेशनकार्ड आणि घराचा किंवा जमिनीचा उतारा एका रांगेत मांडा. मुलांना बसवा. आमच्या वर्गात आम्ही हा गृहपाठच देतो: घरातल्या कागदांवरची नावं उतरवून आणा आणि फरक असेल तिथे लाल पेनाने खूण करा. मागच्या खेपेला बत्तीस मुलांच्या वह्यांत लाल खूण नसलेल्या वह्या चारच निघाल्या. ज्या कागदावर चूक आहे तो दुरुस्त करून घ्या. सर्व दुरुस्त होईपर्यंत 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

याहून मोठं काम वारसनोंदीचं. जमिनीचा वारसा मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असा महसूल कायद्याचा नियम आहे. आपण तीस-तीस वर्षं कळवत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र यांच्यासह अर्ज करावा. सातबाऱ्यासाठी तो ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. घरासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत. आणि यादी करताना बहिणींची नावं गाळू नका. "तिचं लग्न झालं, तिला काय करायचं" असं म्हणत जे नाव गाळलं जातं ते शरीअतने ठरवून दिलेल्या हिश्शाचं नाव असतं. आमच्या फुफूंना संमतीपत्रावर सही करायला चिपळुणात यावं लागलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं पूर आला. या घरात माझं नाव आहे हे तुम्हाला आठवलं तरी." आम्हाला हसू आलं नाही.

घरातला कर्ता आखातात असेल तर घरी राहणाऱ्या बायकोचं स्वतःचं चालू खातं हवं, आणि इथले व्यवहार पाहण्यासाठी कोणाला तरी रीतसर मुखत्यारपत्र दिलेलं असावं. पुराच्या वेळी कुवेतहून कागद मागवणं काय असतं ते आम्ही भोगलं आहे.

आता तितकीच महत्त्वाची दुसरी बाजू. आमच्या गल्लीत ज्यांच्या फक्त ओट्याला पाणी लागलं होतं अशा एका घरानेही पूर्ण नुकसान लिहून घ्यावं म्हणून खटपट केली. "सगळेच घेतात," हे त्यांचं म्हणणं. त्याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की मदत मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कायद्याची भीती बाजूला ठेवू. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करणं ही शहादत आहे. खोट्या पंचनाम्यावर सही करणारा शेजारधर्म पाळत नसतो, तो खऱ्या बुडालेल्याचा घास काढून घेत असतो. आणि एक खोटं उघड झालं की अख्ख्या मोहल्ल्याच्या अर्जांकडे संशयाने पाहिलं जातं. मग खऱ्या गरजूंना दोन कागदांऐवजी सहा मागितले जातात.

नाव राहूनच गेलं तर? तोंडी तक्रार करून परत येऊ नका. तहसीलदारांच्या नावाने साधा अर्ज लिहा: कोण, कुठे, कोणत्या तारखेला पाणी किंवा वादळ आलं, काय गेलं, पंचनामा झाला नाही किंवा यादीत नाव नाही. फोटो आणि कागद जोडा, दोन प्रती करा, एका प्रतीवर पोच घ्या. तिथे काम झालं नाही तर प्रांताधिकारी, मग जिल्हाधिकारी. जिल्ह्याला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. आपल्या अर्जाचं काय झालं हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आवाज चढवायची गरज नाही. पोच घेतलेला कागद पुरेसा बोलतो.

प्रत्येक मशिदीच्या जमातीत लिहिता-वाचता येणारी चार तरुण मुलं-मुली असतातच. पावसाआधी एका रविवारी त्यांना बसवा. कोणाच्या घराची वारसनोंद नाही, कोणत्या बेवेचं खातं बंद पडलं आहे, कोण भाड्याने राहतं आणि ज्याच्याकडे कागद नाही, अशी यादी करा. घरात शिलाई, मसाले, पापड करणाऱ्या बायकांची उद्यम नोंदणी मोफत होते, तीही करून द्या. पुरानंतर शंभर माणसांना जेवण वाढण्याइतकंच हे सवाबाचं काम आहे, फक्त ते पुराआधी करायचं आहे.

डब्यात काय ठेवायचं? आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या प्रती, घरपट्टीची पावती, उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले, निकाहनामा, मुलांचे शाळेचे दाखले, भाडेकरार. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. डबा वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर. आणि तो कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक हवं.

आमच्या घराच्या उताऱ्यावर आता सर्व वारसांची नावं आहेत. फुफूंचंही आहे. खाला अजून त्याच खोलीत राहतात. पुराच्या पुढच्याच महिन्यात आम्ही त्यांच्याशी भाडेकरार केला आणि तेव्हापासून दर महिन्याला पावती देतो. पहिली पावती हातात घेतल्यावर त्या म्हणाल्या, "टीचर, आता पाणी आलं तर मी इथेच राहत होते असं म्हणता येईल." घरपट्टी थोडी वाढली. ती आम्ही भरतो.

अल्लाह यंदाचा पाऊस रहमतीचा करो. पण डबा भरून ठेवा. उंटाला आधी बांधावं आणि मग भरोसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळालेली आहे.